शिअररचा तक्ता, पण डीन कुठंय?

भाच्यासाठी नाशिकच्या शालिमार भागातल्या एका दुकानातून २५० रुपयांना इंग्लिश फुटबॉलच्या अव्वल लीगमधल्या गोलवीरांचा तक्ता घेतला. कागद जाड, छपाई झकास. शिअरर २६० गोल, केन २१३, रूनी २०८, आकडे बरोबर. पण वर ‘सर्वकालीन’ छापून सुरुवात १९९२ पासून, म्हणजे लीगचं ‘प्रीमियर लीग’ झालं तेव्हापासून! त्याआधी तिकडे काय विटीदांडू खेळायचे? जिमी ग्रीव्ह्जचे फर्स्ट डिव्हिजनमधले, म्हणजे तेव्हाच्या अव्वल लीगमधले, ३५७ गोल गायब. डिक्सी डीननं १९२७-२८ च्या एकाच हंगामात ६० ठोकले, त्याचं नावसुद्धा नाही. दुकानदाराला म्हटलं, तर म्हणे, ‘काका, पोरं आत्ताचा हालांडच मागतात.’ तक्त्याला माझे पाचपैकी तीन गुण. खालच्या कोऱ्या पट्टीत स्केचपेननं मीच दोघांना बसवलंय. गोल्फ क्लब मैदानावरून घामाघूम आलेला भाचा विचारतो, ‘मामा, हा डीन कोण?’