चिकलठाण्याहून परदेशी: एकच तिकीट की दोन वेगळी?

लेकाकडे अमेरिकेला निघालेले आई-बाबा छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला आणि पुढे दुबईमार्गे जाणार असतील, तर पहिला प्रश्न तिकिटाचा. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर काढायचा की मुंबईपर्यंतचं वेगळं?

वेगळं तिकीट बरेचदा स्वस्त पडतं, हे खरं. पण चिकलठाण्याचं विमान उशिरा सुटलं आणि पुढचं हुकलं, तर पुढच्या कंपनीची जबाबदारी शून्य. मुंबईत बॅगा घ्या, पुन्हा चेक-इन करा. त्यात विमान सांताक्रूझच्या टर्मिनल १ ला उतरलं, तर आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी सहारच्या टर्मिनल २ ला रस्त्यानं जा. अशा वेळी दोन विमानांमध्ये सहा-सात तास ठेवायलाच हवेत. त्यापेक्षा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आदल्या दिवशी मुंबई गाठलेली बरी.

एकाच पीएनआरवर मात्र विमान हुकलं तर पुढची सोय कंपनी करते, व्हीलचेअरची नोंदही पुढे जाते. बॅगही सहसा थेट जाते. तरी काउंटरवर टॅग वाचाच: सॅन फ्रान्सिस्कोसाठी ‘एसएफओ’ हवं, ‘बीओएम’ असेल तर बॅग मुंबईतच उतरणार. अमेरिकेत मात्र पहिल्या विमानतळावर कस्टमसाठी बॅग घ्यावीच लागते.

दुबईपासून पुढचं तिकीट वेगळं असेल तर त्रास आणखी वाढतो. बॅग घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं, म्हणजे व्हिसाचा प्रश्न आला. म्हाताऱ्या माणसांसाठी चार पैसे जास्त गेले तरी मी एकच तिकीट काढीन. तरण्या पोरांनी, हातात फक्त केबिन बॅग असेल, तर वेगळ्याचा विचार करावा.