फॅन-डॅम्परच्या डेटाला कोड कुठला लावायचा: एचएसएन, यूएनएसपीएससी, ईटिम की ईक्लास?

वसई, रबाळे, तळोजा पट्ट्यात फॅन, डॅम्पर, ग्रिल बनवणाऱ्यांना हल्ली बाहेरची पार्टी हमखास विचारते, तुमचा प्रॉडक्ट डेटा क्लासिफाइड आहे का, म्हणजे प्रत्येक मालाला त्याच्या वर्गाचा ठरलेला कोड लावलाय का, आणि आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे "हो, एचएसएन टाकलाय की". तर आधी हेच मिटवून टाकू. एचएसएन हा कराचा कोड आहे, उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर जीएसटीच्या बिलावर ६ आकडी लागतो, खाली असेल तर ४ आकडी चालतो, बास, तिथे त्याचं काम संपलं. एसी ८४१५ मध्ये, फॅन ८४१४ मध्ये, आणि फॅनमध्ये पुढे फाटा कुठे फुटतो तर टेबल, भिंत, खिडकी, छताचा पंखा ज्याची मोटर १२५ वॅटपर्यंत तो ८४१४५१, बाकीचे ८४१४५९. आता बेसमेंट पार्किंगच्या व्हेंटिलेशनला फॅन निवडणारा कन्सल्टंट ही १२५ वॅटची रेघ घेऊन काय करणार सांगा? त्याला हवा किती ओढतो, स्टॅटिक प्रेशर किती, आग लागली तर किती तापमानाला किती वेळ टिकतो, हे पाहिजे.

यूएनएसपीएससी, म्हणजे माल आणि सेवांचं जागतिक वर्गीकरण, पटकन उरकतो. १९९८ मध्ये यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) आणि डन अँड ब्रॅडस्ट्रीट या कंपनीने सुरू केलेला, ८ आकडी, दोन-दोन आकड्यांच्या चार पायऱ्या, ४०१० म्हणजे हीटिंग-व्हेंटिलेशनचं घराणं. मोठ्या कंपन्यांच्या परचेसला कशावर किती खर्च झाला हे बघायला उपयोगी, पण फॅन म्हणजे फॅन, त्याच्या आत काहीच विचारत नाही. टेंडरमध्ये मागितला तर एक कॉलम वाढवा आणि विसरा.

खरा प्रश्न ईटिम की ईक्लास हा आहे.

ईटिम हे तांत्रिक मालाचं वर्गीकरण, म्हणजे तयार फॉर्म समजा. प्रत्येक क्लासला (मालाच्या प्रकाराला) कोड, त्याखाली फीचर ठरलेले, व्हॅल्यू ठरलेल्या, युनिटसुद्धा ठरलेलं, आणि सगळं कोडमध्ये असल्याने तुम्ही इथे एकदा भरलं की डच डीलरला ते डचमध्ये दिसतं, जर्मनला जर्मनमध्ये. एक प्रॉडक्ट एकाच क्लासमध्ये बसतं, पायऱ्याही दोनच, ग्रुप आणि क्लास, त्यामुळे गोंधळ कमी. क्लास ५,०००च्या वर आहेत आणि वापरायला फुकट. वाढलाय मात्र युरोपात, म्हणून रेडिएटर, फ्लोअर हीटिंग वगैरेचे क्लास भरपूर, जे आपल्या काहीच कामाचे नाहीत, मुंबईत रेडिएटर म्हटलं की लोकांना टॅक्सीच आठवते.

खरी मेहनत कोड शोधण्यात नाहीये, ती युनिटमध्ये आहे. आपल्या एक्सेलमध्ये एकाच सेलमध्ये "२००० सीएफएम, २५ एमएम" (मिनिटाला किती घनफूट हवा, आणि पाण्याच्या किती मिलिमीटरइतकं प्रेशर) असं कोंबलेलं असतं, ते फोडून हवा वेगळी, प्रेशर वेगळं, आणि मग मेट्रिकमध्ये. १०,००० सीएफएम म्हणजे तासाला साधारण १७,००० घनमीटर, १ एमएम वॉटर गेज म्हणजे ९.८ पास्कल, १ टीआर (टन रेफ्रिजरेशन) म्हणजे ३.५१७ किलोवॅट. हे काम कुठलंही क्लासिफिकेशन घेतलं तरी करावंच लागणार, म्हणून कन्सल्टंटला फी द्यायच्या आधी घरच्या घरी तेवढं उरकून घ्या, आणि ते डिझाइनवाल्या इंजिनिअरकडून करून घ्या, अकाउंट्सच्या माणसाकडून नको, कारण तो स्टॅटिक आणि टोटल प्रेशर एकाच कॉलममध्ये टाकून मोकळा होईल.

ईक्लास २००० सालचा, जर्मनीतला, चार पायऱ्या, ८ आकडी कोड, ४०,०००च्या वर क्लास, स्टेशनरीपासून केमिकलपर्यंत सगळे धंदे एका छत्राखाली. फीचर यातही असतात, खोलीही आहे, पण लायसन्सचे पैसे पडतात. तुमचा माल बिल्डिंगमध्ये जात असेल, म्हणजे डीलर, प्लंबिंग-इलेक्ट्रिकल होलसेल असा रस्ता असेल, तर माझं मत सरळ ईटिम. फार्मा, केमिकल, ऑटोच्या प्लांटला थेट विकत असाल तर तिथली परचेस सिस्टिम बहुतेक ईक्लास मागेल, तेव्हा त्याला पर्याय नाही.

एएचयूवाल्यांचं (एअर हँडलिंग युनिट, म्हणजे हवा गाळून थंड-गरम करून पुढे ढकलणारं मोठं यंत्र) जरा वेगळं. ग्रिल, डॅम्पर, छोटे फॅन हा कॅटलॉगचा माल, ईटिममध्ये मस्त बसतो, पण एएचयू ऑर्डरप्रमाणे बनतो, कॉइल किती रो, कुठला फिल्टर, सगळं साइटवर अवलंबून, त्याला क्लास लावून पाच-पन्नास फीचर भरले तरी पुढच्या ऑर्डरला ते खोटेच ठरणार. त्यात बीआयएमवाला (बिल्डिंगचं डिजिटल मॉडेल बनवणारा) थ्रीडी आणि परफॉर्मन्स डेटा मागत असेल तर जर्मन व्हीडीआय ३८०५ आणि त्यावरून आलेलं आयएसओ १६७५७ ही डेटाची स्टँडर्ड बघा, ती बिल्डिंग सर्व्हिसेससाठीच बनलेली आहेत, पण आपल्या साइजच्या कारखान्याला ते झेपणं कठीण, मी तरी ग्राहकाने लेखी मागेपर्यंत हात लावणार नाही.

काहीही घेतलंत तरी कोडच्या शेजारी व्हर्जनचा कॉलम ठेवा. ईटिम ८ आलं २०२० मध्ये, ९ आलं २०२२ मध्ये, १० आलं २०२४ मध्ये, आणि दर वेळी काही क्लास बदलतात, काही बाद होतात, पार्टी एक व्हर्जन मागते आणि फाइल भलत्याच व्हर्जनची गेली तर तिकडून अख्खी फाइल रिजेक्ट होऊन परत येते.