सुटं ‘बिनछिद्राचं’ तिकीट घेऊ नका

कडेची छिद्रं पडायची राहून गेली आहेत, म्हणून दुर्मिळ आहे असं सांगून कोणी एकच सुटं टपाल तिकीट दाखवलं, तर पैसे देऊ नका. एकमेकांना जोडलेल्या दोन तिकिटांची जोडी मागा. जोडीतल्या दोन तिकिटांमधली सलग कोरी पट्टी कात्रीने तयार होत नाही. सुट्या तिकिटाचे दाते (छिद्रांवरून फाडल्यावर उरणारी खाचदार कड) मात्र कोणीही छाटू शकतो.

मला एका विक्रेत्याने असंच फसवलं. तिकीट नेहमीच्या वापरातलं, 25 पैशांचं, अंड्यातून बाहेर येणाऱ्या पिल्लाचं. नाशिकच्या प्रेसमधून शीटच तशी सुटली होती, असं तो ठामपणे सांगत होता. सोबत तिकीट अस्सल असल्याच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स. त्या झेरॉक्सवरच्या फोटोत जोडी होती, माझं तिकीट नव्हतंच.

एका जाणत्या संग्राहक काकांनी त्याच छापाचं साधं तिकीट चिमट्याने माझ्या तिकिटावर ठेवलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. साध्या तिकिटाचे दाते तीन बाजूंनी बाहेर डोकावत होते. चौथी बाजू शीटच्या कडेची, म्हणून तिथे ऐसपैस समास. विक्रेत्याच्या फोटोत तीच बाजू समोर केलेली. खरी चूक हाती लागलेला माणूस चारही बाजूंनी जागा राखून कापतो. दात्यांपेक्षा अरुंद तिकीट काहीच सिद्ध करत नाही.

जोडी मिळाली तरी ती आडव्या उजेडात, डिंकाच्या बाजूने बघा. कधी छिद्रं पाडणाऱ्या यंत्राच्या सुया टेकतात पण कागद आरपार तुटत नाही, पुसट गोल ठसे राहतात. ते बिनछिद्राचं नव्हे आणि त्याला तेवढी किंमतही नाही. काही जण तर मधली छिद्रं कागदाच्या लगद्याने बुजवून वर नवा डिंक लावतात.

आणि 1852 चं सिंध डाक (सिंध प्रांताचं जुनं टपाल तिकीट) किंवा 1854 ची भारतीय तिकिटं ‘छिद्रांची चूक’ म्हणून कोणी गळ्यात मारत असेल, तर सरळ उठा. ती मुळातच छिद्रांशिवाय छापली होती. मुलांना आणि नवख्यांना असं फसवतात याची मला फार चीड येते.

पैसे परत मागितल्यावर त्याने माझा नंबर ब्लॉक केला. मी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे; ऑनलाइन पैसे दिले असतील तर तुम्हीही लगेच नोंदवा, उशीर झाला की रक्कम अडवणं कठीण होतं. तो आता दुसरं एक सुटं तिकीट विकतोय, आणि त्याच्याही फोटोत एकच बाजू पूर्ण दिसते.