किटलीचा तुटलेला कान: पॅरालॉइडने जोडावा की इपॉक्सीने?

सांगली-मिरजेकडच्या जुन्या घरांत शोकेसमध्ये चिनी मातीचा एखादा टी-सेट असतो आणि त्यातल्या किटलीचा कान बहुधा तुटलेला असतो. तो जोडायला फेव्हिक्विक नको; झटकन चिकटतं, पण पुढे ठिसूळ होतं आणि ओलाव्याने सुटतं. फेव्हिकॉल पाण्याने फुगतो. २००५ आणि २०१९ ला कृष्णेचं पाणी ज्या गल्ल्यांत शिरलं, तिथे तर त्याचं नावच काढू नका. उरतात दोन: इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा डिंक, आणि पॅरालॉइड बी-७२, म्हणजे संग्रहालयांत वापरतात तो डिंक.

ताकदीत इपॉक्सीला तोड नाही. पण तो पिवळा पडतो. उजेडात लवकर, अंधारात सावकाश, पण पडतोच. पांढऱ्याशुभ्र पातळ कपावर आज न दिसणारी रेघ काही वर्षांनी मधाच्या रंगाची होते, आणि सांध्याबाहेर आलेला थेंब पुसायचा राहिला असेल तर आधी तोच डोळ्यांत भरतो. बरं, उकलावा म्हटलं तर ॲसिटोन (नेलपॉलिश काढायला वापरतात ते) त्याला विरघळवत नाही. डायक्लोरोमिथेन या जहाल द्रावकाने फुगवून सोडवावा लागतो, ते तब्येतीला घातक. त्या खटाटोपात झिलईवरची सोनेरी नक्षी गेली तर ती परत येत नाही. हॅक्सटॅल एनवायएल-१ सारखा खास इपॉक्सी बराच कमी पिवळतो, पण पुरता घट्ट व्हायला आठवडाभर घेतो. तोवर तुकडे जराही हलता कामा नयेत.

पॅरालॉइड हे ॲक्रिलिक रेझिन, म्हणजे एक पारदर्शक प्लास्टिक; ॲसिटोनमध्ये विरघळवून लावतात. संग्रहालयांचा त्यावर भरवसा आहे, कारण रंग जवळपास बदलत नाही आणि वर्षांनंतरही ॲसिटोनने सुटतं. खोट एकच, पण सांगलीकरांनी ती ध्यानात घ्यावी: साधारण ४० अंशांच्या आसपास ते मऊ पडू लागतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा तिथवर जातोच, आणि पश्चिमेच्या खिडकीजवळची, आत बल्ब लावलेली शोकेस त्याहून तापते. मग वजन पेलणारा सांधा हळूहळू सरकतो. शिवाय चिनी माती ॲसिटोन शोषत नाही, त्यामुळे सांधा सुकायला दिवसच्या दिवस लागतात, घाई नको.

माझं मत विचाराल तर बशी, झाकण, छोटी मूर्ती अशा हलक्या वस्तू पॅरालॉइडनेच जोडा आणि सावलीत ठेवा. साताऱ्याच्या जरा थंड हवेत काळजी थोडी कमी. मोठी बरणी किंवा जड फुलदाणी असेल तर खास इपॉक्सी, तोही जाणकाराच्या हातून. आणि जोडलेल्या किटलीत चहा मात्र करू नका. उकळत्या पाण्यापुढे पॅरालॉइड टिकणार नाही, आणि इपॉक्सी टिकला तरी तो पोटात जाण्यासाठी नाही.