बी १०० च्या नावाखाली: अहवाल खरा, इंधन खोटे

निफाड तालुक्यात माझ्या सहा मालमोटारी आहेत. कांद्याच्या हंगामात त्या लासलगाव आणि पिंपळगावहून न्हावा शेवा बंदरापर्यंत माल नेतात. मागच्या दिवाळीच्या सुमारास एका पुरवठादाराने आमच्या आवारात टँकर पाठवून ‘शंभर टक्के बायोडिझेल’, म्हणजेच बी १००, देण्याची तयारी दाखवली. भाव पंपावरील डिझेलपेक्षा लिटरमागे अकरा रुपयांनी कमी होता आणि सोबत एका प्रयोगशाळेचा शिक्का असलेला तपासणी अहवाल होता. अहवाल बनावट असता तर मी कदाचित सावध झालो असतो. तो खरा होता, त्यातला प्रत्येक आकडाही बहुधा खराच होता, आणि तरीही मी फसलो. ते कसे घडले हे वाहतूकदार बांधवांना नीट कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

त्या अहवालात घनता, व्हिस्कॉसिटी (दाटपणा), फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला इंधनाची वाफ पेट घेऊ शकते), गंधक आणि पाणी अशा पाच ओळी होत्या आणि प्रत्येकीपुढे ‘समाधानकारक’ असा शेरा होता. घनता ८३२ आणि फ्लॅश पॉइंट ४८ अंश होता. मी शेरे वाचले, आकडे वाचले नाहीत. शुद्ध बायोडिझेलसाठी आपल्याकडे आयएस १५६०७ हे मानक आहे. त्यानुसार १५ अंश तापमानाला घनता ८६० ते ९०० किलो प्रति घनमीटर या दरम्यान असावी लागते आणि फ्लॅश पॉइंट शंभर अंशांच्या वर असावा लागतो. म्हणजे माझ्या हातातला कागदच सांगत होता की हे बायोडिझेल असू शकत नाही. तपासणी मात्र साध्या डिझेलच्या आयएस १४६० या मानकाशी ताडून केली होती आणि त्या मोजपट्टीवर हलके खनिज द्रावक सहज उत्तीर्ण होते. ज्या एका ओळीवर सारे अवलंबून आहे, ती मिथाइल एस्टरच्या (तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून बनणारा पदार्थ, म्हणजेच खरे बायोडिझेल) प्रमाणाची ओळ, जे किमान ९६.५ टक्के असावे लागते, अहवालात नव्हतीच. शेवटी बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘नमुना ग्राहकाने आणून दिलेला, निष्कर्ष केवळ त्या नमुन्यापुरते.’ इथे ग्राहक म्हणजे खुद्द पुरवठादार. हे वाक्य मी पुढे किती वेळा वाचले, ते मलाच माहीत.

पाच हजार लिटर माल संपण्याआधीच दोन गाड्या ओढेनाशा झाल्या. मिस्त्रींनी पहिल्या गाडीचा हाय प्रेशर पंप उघडला, आतले तेल पांढऱ्या फडक्यावर ओतले आणि फडके उन्हात धरले, तेव्हा त्यावर लोखंडाची बारीक पूड चमकत होती. ते म्हणाले, “दादा, ह्या तेलाला चिकटपणाच नाही, लोखंडावर लोखंड घासलंय.” खऱ्या बायोडिझेलचा एक मोठा गुण म्हणजे त्याची वंगणक्षमता, डिझेलमध्ये एक-दोन टक्के मिसळले तरी पंपाची झीज कमी होते. इथे नेमके उलटे घडले होते. गाडीच्या कंपनीने वॉरंटी नाकारली, कारण नियमपुस्तिकेत बायोडिझेलचे प्रमाण सात टक्क्यांपर्यंतच मान्य होते.

विक्रेत्याचे उत्तर तयार होते. “शेठ, तुमच्या गाड्यांना शुद्ध बायो झेपत नाही, आता बी २० घ्या, आणि पाहिजे त्या लॅबमध्ये तपासा.” बी २० म्हणजे वीस टक्के बायोडिझेल आणि बाकी डिझेल. हा माणूस तपासणीला घाबरत नाही, म्हणून माझा विश्वास पुन्हा बसला. या वेळी मिस्त्रींच्या सांगण्यावरून टँकरच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या थरांतून नमुने घेऊन ते एकत्र केले, तीन बाटल्या भरल्या, त्यांना सील लावले आणि चालकाची सही घेतली. एक बाटली प्रयोगशाळेत दिली. अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांच्या पद्धतीने तपासून त्यांनी कळवले की बायोडिझेलचे प्रमाण १९ टक्के आहे. मी निर्धास्त झालो.

डिसेंबरात निफाडचा पारा उतरला आणि एका पहाटे एकही गाडी सुरू होईना. फिल्टर काढला तेव्हा जाळीवर डालड्यासारखा पांढरा थर गच्च बसला होता. बोटाच्या उबेने तो वितळत होता आणि हाताला तळणीच्या तेलाचा वास येत होता.

दुसरी बाटली मी दुसऱ्या प्रयोगशाळेत नेली. तिथल्या रसायनतज्ज्ञ मॅडमनी आधी पहिल्या प्रयोगशाळेचा बचाव केला, आणि तो योग्यच होता. ईएन १४०७८ किंवा एएसटीएम डी ७३७१ या पद्धतींत इंधनातून अवरक्त किरण सोडतात. एस्टरमधला कार्बन आणि ऑक्सिजन यांचा दुहेरी बंध १७४५ या तरंगसंख्येच्या आसपास ते किरण शोषतो, खनिज डिझेल तिथे जवळजवळ काहीच शोषत नाही, आणि शोषण जितके अधिक तितके एस्टर अधिक असा हिशेब मांडला जातो. काही मिनिटांत उत्तर मिळते आणि प्रामाणिक मिश्रणासाठी ते विश्वसनीय असते. परंतु ही पद्धत गृहीत धरते की त्यातले एस्टर हे नीट तयार केलेले मिथाइल एस्टरच आहे. कच्चे पामतेलही एस्टरच असते, फक्त मिथेनॉलऐवजी ग्लिसरॉलशी बांधलेले, आणि त्याचा शोषणपट्टा जवळपास त्याच जागी येतो. माझ्या विक्रेत्याने डिझेलसारख्या द्रावकात सरळ तळणीचे तेल मिसळले होते आणि यंत्राने त्यालाच बायोडिझेल म्हणून मोजले होते. मॅडम म्हणाल्या की कार्बनच्या वयावरून जैविक अंश ठरवणारी एएसटीएम डी ६८६६ ही महागडी पद्धतही इथे उपयोगी पडली नसती, कारण तेल कच्चे असो वा प्रक्रिया केलेले, त्यातला कार्बन तितकाच ताजा असतो.

उत्तर दिले ते गॅस क्रोमॅटोग्राफीने. नमुना तापवून वायुरूपात लांब, केसासारख्या बारीक नळीतून नेला जातो आणि प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो. मॅडमनी दोन आलेख शेजारी ठेवले. डिझेलचा आलेख कंगव्याच्या दातांसारखा होता, ठरावीक अंतरावर एकामागून एक टोके. खऱ्या पाम बायोडिझेलच्या मिश्रणात त्या दातांमधून पाल्मिटिक आणि ओलेइक आम्लांच्या मिथाइल एस्टरची दोन-तीन उंच टोके वर यायला हवीत. माझ्या नमुन्यात ती नव्हतीच; उलट अगदी उशिरा, नळीचे तापमान खूप वाढवल्यावर, ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या खाद्यतेलाचा, मोठा उंचवटा दिसला. चाळीस अंशांवरची व्हिस्कॉसिटीही ४.९ आली, जी डिझेलच्या ४.५ या कमाल मर्यादेपेक्षा जास्त होती. निव्वळ हा एक स्वस्त आकडा या मालाच्या पहिल्या तपासणीत मागितला असता, तरी शंका आली असती.

मग त्यांनी मला एक साधी परीक्षा करून दाखवली, तीही धूरशोषक कपाटात, कारण मिथेनॉल विषारी आणि ज्वलनशील असते. तीन परीक्षानळ्यांत नऊ-नऊ भाग मिथेनॉल घेऊन एकीत खरे बायोडिझेल, दुसरीत खाद्यतेल आणि तिसरीत डिझेल असा एकेक भाग घालून त्या हलवल्या. पहिली नळी पाण्यासारखी एकजीव आणि नितळ झाली. उरलेल्या दोन्हींत तळाशी वेगळा थर बसला. मिश्रणाला ही परीक्षा लागू पडत नाही, कारण त्यातले डिझेल तसेही विरघळत नाही, पण ‘शंभर टक्के’ म्हणून विकलेल्या पहिल्या मालाचे सोंग पाच मिनिटांत उघडे पडले असते.

आता कोणी बी १०० देऊ केले तर मी प्रयोगशाळेला ‘डिझेल तपासा’ असे सांगत नाही. आयएस १५६०७ प्रमाणे एस्टरचे प्रमाण ईएन १४१०३ पद्धतीने आणि मुक्त व एकूण ग्लिसरॉल ईएन १४१०५ पद्धतीने काढा, असे लेखी मागतो. एकूण ग्लिसरॉल ०.२५ टक्क्यांच्या आत नसेल तर तेल अर्धवट किंवा अजिबातच रूपांतरित झालेले नाही, हे त्यातूनच कळते. मिश्रण असेल तर अवरक्त तपासणीसोबत क्रोमॅटोग्राफी आणि व्हिस्कॉसिटी मागतो. हा खर्च मला पूर्वी जड वाटला होता, पण पंप आणि चार इंजेक्टर बदलण्याच्या बिलापुढे तो काहीच नाही. विक्रेत्याकडे विक्रीची सरकारी परवानगी आहे का, हेही मी विचारले नव्हते. ३० एप्रिल २०१९ च्या केंद्रीय अधिसूचनेपासून अशा किरकोळ विक्रीला नियम आहेत, हे मला नंतर समजले.

तक्रार दिली आहे. वकिलांच्या मते दुसऱ्या मालाबाबत आमची बाजू भक्कम आहे, कारण चालकाच्या सहीची तिसरी बाटली सीलबंद आहे. पहिल्या पाच हजार लिटरांनी त्याहून मोठे नुकसान केले, पण त्याचा एक थेंबही मी राखून ठेवला नव्हता. त्याबद्दल माझ्याकडे आहे तो फक्त त्यांनीच दिलेला अहवाल, आणि त्यातल्या ‘समाधानकारक’ या शेऱ्यावर ते आजही बोट ठेवतात.