चांदोली, कोयना की सागरेश्वर? घरच्यांना घेऊन जंगलाकडे निघण्याआधी

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "मुलांना जंगल दाखवायचंय, चांदोलीला जाऊ की कोयनेला?" आम्ही कराडचे. गेल्या काही वर्षांत घरची गाडी काढून तिन्हीकडे जाऊन आलोय : चांदोली, कोयनेचं खोरं आणि सागरेश्वर. गाडीत हे, मी, सत्तरीकडे झुकलेल्या आणि गुडघ्यांनी त्रासलेल्या सासूबाई, आठवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा. म्हणजे ज्याला 'सगळं घर' म्हणतात तेच. त्यामुळे माझं उत्तर ट्रेकरचं किंवा फोटोग्राफरचं नाही, अशा गाडीतल्या बाईचं आहे.

सगळ्यात आधी नकाशाचं सांगते, कारण तिथेच बहुतेकांचा बेत फसतो. नकाशावर चांदोली आणि कोयना शेजारी-शेजारी दिसतात, आणि एका अर्थाने आहेतही. कोयना अभयारण्य सुमारे ४२३ चौरस किलोमीटर आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान सुमारे ३१७. हे दोन्ही मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. ते बघून पहिल्या वर्षी आम्हीही ठरवलं, शनिवारी चांदोली उरकायची आणि रविवारी तसंच पुढे कोयनानगर. पण जंगलातून आरपार गाडी जात नाही. वारणेच्या खोऱ्यातून मागे फिरून कराडला यायचं आणि पाटणच्या रस्त्याने पुन्हा कोयनेचं खोरं चढायचं. त्या रविवारी धाकट्याला वाटेत तीनदा उलटी झाली आणि कोयनानगरला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. धरण लांबून बघितलं आणि परत फिरलो. तेव्हापासून नियम केलाय, एका सुट्टीत एकच खोरं.

चांदोली

कराडहून उंडाळे, मग शेडगेवाडीवरून चरण, आरळा आणि वारणावती करत मणदूर. सांगलीकडून येणाऱ्यांना पेठ नाका आणि शिराळा सोयीचं पडतं. रस्ता अवघड नाही, पण दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू होतो आणि दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर रस्ताभर असतात. अंधार पडल्यावर मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. हे गाडी सावकाश चालवणारे, तरी एकदा मोळ्यांची शेंडी काचेपुढे येईपर्यंत ट्रॉली दिसली नव्हती. म्हणून चांदोलीला जायचं तर मुक्काम करा. वारणावती-मणदूरच्या आसपास राहायची सोय होते, ती आधी फोन करून पक्की करा, आणि संध्याकाळी सहानंतर गाडी रस्त्यावर आणू नका. पावसाळ्यात उद्यान बंद असतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे जूनपर्यंतचा काळ आपला. नाक्यावर नोंद करून, गाइड सोबत घेऊनच आत जाता येतं. कुठली गाडी चालेल, सुट्टीचा वार कुठला, हे नियम बदलत असतात, म्हणून निघायच्या आधल्या आठवड्यात वनखात्याच्या ऑफिसात विचारून घ्यावं. पेट्रोल कराडला किंवा शिराळ्यालाच भरा. आत मोबाइलला रेंज नसते आणि खायला काही मिळत नाही. आमच्या गाडीत दशम्या, शेंगाची चटणी आणि मुलांसाठी सांगलीचं भडंग असतं.

आता सगळ्यांचा प्रश्न, वाघ दिसतो का? वाघ आहेत. २०२३च्या डिसेंबरात इथल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला आणि २०२५च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली. पण एवढ्या मोठ्या रानात वाघ मोजकेच आहेत आणि हे रान ताडोब्यासारखं उघडं नाही, झाडी अशी दाट की वीस पावलांवरचा गवा दिसत नाही. वाघाचं आमिष दाखवून मुलांना नेलंत तर ती हिरमुसून परत येतील. आम्ही मुलांना निघतानाच सांगितलं होतं, आपण वाघ बघायला नाही, वाघाचं घर बघायला चाललोय.

पहिला तासभर मुलगी कंटाळली होती. मग गाइडने गाडी थांबवायला लावली आणि खिडकीतून खाली बोट दाखवलं. "ताई, उतरू नगा, हितनंच बघा." रस्त्याच्या कडेच्या ओल्या मातीत बिबट्याचा ठसा होता, चार बोटं आणि मागची गादी, नखाची खूण नाही. मांजराच्या जातीतली जनावरं चालताना नखं आत ओढून घेतात, कुत्र्याची उमटतात, एवढं त्याने दोन वाक्यांत सांगितलं. त्यानंतर मुलीची मान खिडकीबाहेरच होती. अस्वलाने ओरबाडलेलं खोड तिने स्वतः शोधून काढलं. झोळंबीच्या सड्याकडे, म्हणजे तिथल्या कातळाच्या पठाराकडे, जाताना गव्यांचा कळप भेटला. ओल्या काळ्या अंगाचा, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा मोठा नर मान वळवून आमच्याकडे बघत राहिला, आणि एरवी क्षणभर गप्प न बसणारा धाकटा श्वास रोखून बसला.

चांदोलीतली मला सगळ्यात जवळची जागा मात्र जनावरांची नाही. या रानात गावं होती. धरणासाठी आणि अभयारण्यासाठी ती उठली. आंब्याची जुनी झाडं ओळीत दिसली की समजायचं, इथे परसदार होतं. एका ठिकाणी घराच्या जोत्याचे दगड आणि त्यांच्यापुढे तुळशीवृंदावन उभं होतं. वृंदावनाला तडा गेलेला, कोनाड्यात काजळीचा डाग अजून होता. सासूबाईंचं माहेर पाटण तालुक्यातलं, त्यांच्या मावशीचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. त्यांनी उतरू का म्हणून गाइडला विचारलं, वृंदावन हाताच्या अंतरावरच होतं म्हणून तो हो म्हणाला. त्या दार धरून उतरल्या, बाटलीतलं थोडं पाणी वृंदावनात ओतलं आणि काही न बोलता परत येऊन बसल्या. मुलांनी त्या दिवशी वाटेत शंभर प्रश्न विचारले, ते लोक कुठे गेले, त्यांना शेत मिळालं का, ते परत बघायला येतात का. जंगल राखायची किंमत कुणी मोजली हे मुलांना समजावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी चांदोलीसारखी दुसरी जागा नाही.

गैरसोयही सांगते. आतले रस्ते कच्चे, धक्के बसतात. ज्यांची कंबर दुखते त्यांनी पुढची सीट धरावी. पाच वर्षांखालचं मूल असेल तर तीन-चार तास गाडीत शांत बसणं त्याला जमणार नाही.

कोयना

कोयनेची दोन दारं आहेत आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. एक साताऱ्याहून कास आणि बामणोलीचं, दुसरं कराड-पाटणवरून कोयनानगर आणि नवजाचं.

कास-बामणोलीच्या वाटेवर लोक एक चूक हमखास करतात. कासच्या पठारावरची फुलं आणि वासोटा किल्ला एकाच फेरीत करायला बघतात. फुलं सप्टेंबरात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, वासोट्याचं रान उघडतं ते पावसाळा सरल्यावर. दोन्हींचा मेळ क्वचितच बसतो, तेव्हा एक काय ते ठरवा. फुलं हवी असतील तर ऑनलाइन नोंदणी करून शक्यतो मधल्या वारी जा. शनिवार-रविवारी फुलांपेक्षा माणसं जास्त. पठार सपाट, त्यामुळे सासूबाई छत्री घेऊन निवांत फिरल्या. मुलांना सीतेची आसवं दाखवा. जांभळं इवलंसं फूल, पण खाली ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या किडे पकडून खातात. हे कळल्यावर धाकटा पठारावर उकिडवाच बसून राहिला.

वासोटा म्हणजे बामणोलीहून शिवसागरातून, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून, दीड तासाची बोट आणि मग दाट झाडीतून दोन-अडीच तासांचा चढ. वनखात्याची परवानगी लागते, रानात मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत परतायचंच. सोबतचं प्लास्टिक मोजून घेतात, आणि घ्यायलाच हवं. साताऱ्याहून बामणोली पस्तीसेक किलोमीटर, पण घाटरस्ता आहे. आम्ही घरातून निघायला उशीर केला आणि साडेदहाला धक्क्यावर पोचलो. तोवर वासोट्याच्या बोटी गेल्या होत्या. मुलगी रडवेली झाली. पुढच्या वर्षी बामणोलीतच मुक्काम केला, पहाटे उठून परवानगी काढली आणि बाप-लेक दोघंच वर गेले. मी, सासूबाई आणि धाकटा कोयना, सोळशी आणि कांदाटीच्या संगमापर्यंत बोटीने फिरून आलो. बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं असतं, धक्क्यावर दुसरं एखादं कुटुंब गाठलं तर निम्म्यात भागतं.

म्हणजे बामणोलीला घर दोन तुकड्यांत वाटावं लागतं. ते चालणार असेल तर मोठ्या मुलांसाठी वासोट्याला तोड नाही. गाडीच्या काचेतून बघितलेलं रान आणि स्वतःच्या पायांनी चढलेलं रान यात फरक पडतोच. मुलगी अजूनही चांदोलीपेक्षा वासोट्याचंच नाव घेते.

कोयनानगर पावसाळ्यातलं ठिकाण, चांदोलीचं दार बंद असतं तेव्हाचं. नवज्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि ओझर्ड्याचा धबधबा तेव्हा बघावा. पायऱ्या निसरड्या, जळवा आहेत, मीठ जवळ ठेवा. ज्येष्ठांना नेहरू उद्यानात बसून धरण बघता येतं. तिथे बसूनच सासूबाईंनी मुलांना ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप सांगितला. त्या तेव्हा लहान होत्या, वडिलांनी त्यांना गोधडीसकट उचलून अंगणात आणलं होतं. जनावरं बघायला मात्र कोयनानगरला जाऊ नये, तिथे ती सहसा दिसत नाहीत.

सागरेश्वर

याला लोक मोजतच नाहीत, आणि ते मला खटकतं. जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं, सांगली जिल्ह्यातल्या कोरड्या पट्ट्यातलं अभयारण्य. इथे मूळचं घनदाट जंगल नव्हतं, डोंगर उघडे पडले होते. मोहित्यांचे वडगावच्या वृक्षमित्र धों. म. मोहित्यांनी ध्यास घेतला, झाडं लागली, हरणं आणून सोडली गेली आणि १९८५ साली अभयारण्य झालं. एका माणसाच्या हट्टातून रान उभं राहू शकतं हे मुलांना दाखवायला एवढं जवळचं उदाहरण कुठे मिळणार?

आणि जनावरं दिसण्याचा हिशेब केला तर हेच पहिलं. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर गेलात तर चितळ दिसतातच, सांबर बरेचदा, नशीब असेल तर काळवीट. माथ्यावरून कृष्णाकाठचा हिरवा पट्टा आणि किर्लोस्करवाडी दिसते. खाली देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. त्यांचं घर बघा आणि सागरेश्वराच्या जुन्या देवळांच्या समूहात सावलीला बसून डबा खा. कराडहून सकाळी निघून संध्याकाळी घरी. मुक्काम नाही, घाट नाही. मार्चनंतर मात्र जाऊ नका, डोंगर तापतो आणि मुलं कोमेजतात.

मग कुणी कुठे जावं?

मुलं सहा-सात वर्षांच्या आतली असतील किंवा घरातल्या ज्येष्ठांना फार प्रवास सोसत नसेल, तर डोळे झाकून सागरेश्वर. मुलं बारा-तेराच्या पुढची, चालणारी असतील आणि मोठ्यांपैकी कुणी खाली थांबायला तयार असेल, तर डिसेंबरात बामणोलीला मुक्काम करून वासोटा. ज्यांच्या गाडीत आमच्यासारख्या तिन्ही पिढ्या आहेत आणि हाताशी दोन दिवस आहेत, त्यांनी चांदोली निवडावी. तिथे सगळे एकाच गाडीत, एकाच खिडकीतून बघतात आणि कुणाला मागे ठेवावं लागत नाही. नुसते गवेच बघायचे असतील तर राधानगरीचाही विचार करा, पण ती कोल्हापूरकडची वेगळी सहल झाली.

खर्चाचं म्हणाल तर सागरेश्वर सगळ्यात स्वस्त, डिझेल आणि तिकीट एवढंच. बामणोली बोटीमुळे महाग पडते, चांदोलीत मुक्काम आणि गाइड धरून मधला आकडा येतो. या तिन्हींतलं कुठलंही निवडलंत तरी गाइडला किंवा नावाड्याला ठरल्यापेक्षा थोडं जास्त द्या. त्यांच्यातले बरेच जण याच रानातल्या, उठलेल्या गावांतल्या घरांतले आहेत.

यंदा आमचं पुन्हा चांदोलीच ठरलंय, डिसेंबरचा दुसरा आठवडा, उद्यान उघडं असण्याचा वार बघून. मुलीने मातीतले ठसे मोजायला पट्टी आणि वही काढून ठेवली आहे. सासूबाईंनी कुंडीतल्या तुळशीच्या मंजिऱ्या वाळवून पुडीत बांधून ठेवल्या होत्या. बाहेरचं बी त्या रानात टाकायचं नसतं, असं नातीने समजावल्यावर त्यांनी पुडी देवघरात ठेवली. "बरं, मग पाणी तरी घालू द्या," म्हणाल्या.