हॅलोविनला बाहेरची मुलं दारात: सगळ्यांना द्यायचं, वाडगा ठेवायचा की दिवा मालवायचा?

अमेरिकेत घर घेताना शाळा कशी आहे, ट्रेन किती लांब, तळघरात पाणी शिरतं का, हे सगळं आपण खोदून खोदून विचारतो. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला मुलं सोंगं घेऊन दारोदार कँडी मागत फिरतात, तेव्हा या रस्त्यावर किती गर्दी होते, हे मात्र कुणाच्या डोक्यातही येत नाही. मग पहिल्याच ऑक्टोबरात शेजारीण सांगते, "३१ तारखेला इथे बाहेरून खूप मुलं येतात हं, कँडी जास्तीची आणून ठेव." आणि खरंच, साडेपाचपासून रस्त्याच्या दोन्ही कडांना अनोळखी गाड्या लागायला लागतात. एकेका मिनीव्हॅनमधून चार-पाच मुलं उतरतात, हातात प्लास्टिकचे भोपळे नाहीतर उशीचे अभ्रे घेऊन पायऱ्या चढतात.

या मुलांचं काय करायचं, यावरून वस्त्यावस्त्यांमध्ये वाद होतात. २०१४ मध्ये 'स्लेट' या ऑनलाइन मासिकाच्या सल्ल्याच्या सदरात एका श्रीमंत वस्तीतून हीच तक्रार आली होती: हॅलोविन शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुलांसाठी असतो, तो काही धर्मादाय नव्हे. तेव्हा ते सदर लिहिणाऱ्या एमिली यॉफी यांनी तक्रारदाराला चांगलंच सुनावलं आणि मुकाट्याने कँडी विकत आणायला सांगितलं. माझा कौलही त्याच बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकते. पण प्रत्येक घराला ते जमतंच असं नाही. म्हणून लोक जे मार्ग निवडतात ते एकेक करून बघू.

येतात कोण?

ट्रिक-ऑर-ट्रीटला, म्हणजे कँडीसाठी असं दारोदार फिरायला, काय लागतं? जवळजवळ घरं, धड फुटपाथ, रस्त्यावर उजेड आणि गाड्यांची कमी वर्दळ. 'झिलो' ही घरांची साइट काही वर्षं ट्रिक-ऑर-ट्रीटसाठी चांगल्या शहरांची यादी काढायची, तिचेही निकष असेच होते: वस्तीची दाटी, पायी फिरण्याची सोय, गुन्ह्यांचं प्रमाण आणि घरांच्या किमती. यातलं काहीच ज्यांच्याकडे नाही, ते गाडी काढून असं सगळं जिथे आहे तिथे येतात. हायवेलगतच्या अपार्टमेंटांत खालचं दार कुलूपबंद असतं. गावाबाहेरच्या भागात दोन घरांमध्ये एवढं अंतर असतं की चार घरं होईपर्यंत मूल थकून जातं.

आपल्यातल्या बहुतेकांची इथली पहिली वर्षं अशाच अपार्टमेंटांत गेली. तेव्हा आपणही मुलांना गाडीत घालून ऑफिसातल्या कुणाच्या तरी सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे बंगल्यांच्या वसाहतीत, नेलंच होतं की. त्या रस्त्यावर आपणच बाहेरचे होतो, आणि दारं उघडली गेली म्हणून आपल्या मुलांना हा सण कळला. संक्रांतीला तिळगुळाचा डबा घेऊन निघालेलं मूल कुणाच्याही दारात जाऊ शकतं, तसंच हे आहे.

मार्ग पहिला: फक्त आपल्या वस्तीतल्या मुलांना

हा मार्ग ऐकायला रास्त वाटतो. कुठे एचओए, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांची संघटना, आधीच मुलांना तिकिटं किंवा मनगटपट्ट्या वाटतं, कुठे दारातच विचारतात, "तू राहतोस कुठे?" खर्च आटोक्यात राहतो आणि ओळखीची मुलं रिकाम्या हातांनी परत जात नाहीत. गेट असलेली वस्ती असेल आणि रस्ते खाजगी असतील, तर कुणाला आत घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकारही त्या वस्तीला असतो.

साध्या सार्वजनिक रस्त्यावर मात्र हे चालत नाही. मुखवटा घातलेलं मूल इथलं की बाहेरचं, हे ओळखणार कसं? मग नजर आपोआप कपड्यांकडे जाते, गाडीकडे जाते, रंगाकडे आणि उच्चारांकडे जाते. ज्या समाजाला या देशात अजूनही "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न ऐकावा लागतो, त्या आपण तोच प्रश्न स्पायडरमॅन झालेल्या सहा वर्षांच्या पोराला विचारावा, हे मला पटत नाही. शिवाय कामाच्या दृष्टीनेही ते जड जातं. पायऱ्यांवर वीस मुलं ताटकळलेली असताना प्रत्येकाचा पत्ता विचारत बसलात, तर कँडी वाचेल पण संध्याकाळ भांडणात जाईल.

वयाची अटही याच जातीची. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात १२ वर्षांवरच्या मुलांना ट्रिक-ऑर-ट्रीटची बंदी होती आणि कायद्यात चक्क तुरुंगवासाची तरतूद होती. चहूकडून टीका झाल्यावर २०१९ मध्ये शहराने वयाची मर्यादा १४ केली आणि तुरुंगवास काढून टाकला. तुमच्या दारात मिसरूड फुटलेला उंच मुलगा आला, तर त्यालाही एक चॉकलेट द्या. त्या संध्याकाळी मुलं याहून वाईट उद्योग करू शकतात.

मार्ग दुसरा: पोर्चवर वाडगा आणि 'एकच घ्या' अशी पाटी

स्वतःच्या मुलांना घेऊन बाहेर पडायचं असेल, तर बहुतेक जण हाच मार्ग धरतात. शांत रस्त्यावर तो उत्तम चालतो. गर्दीच्या रस्त्यावर वाडगा बघता बघता रिकामा होतो, आणि दोष बाहेरच्या मुलांच्या माथी मारला जातो.

या बाबतीत एक जुना प्रयोग फार बोलका आहे. मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिएटलमधल्या २७ घरांत हॅलोविनच्या रात्री १,३०० हून जास्त मुलांवर नजर ठेवली. निष्कर्ष १९७६ मध्ये छापून आले. घरातली बाई मुलांना एकेकच कँडी घ्यायला सांगून आत निघून जायची आणि कुणीतरी लपून बघायचं. ज्यांना नाव-पत्ता विचारला नव्हता आणि जी घोळक्याने आली होती, त्या मुलांनी जास्तीचं उचललं. एकट्याने आलेल्या आणि नाव सांगितलेल्या मुलांनी सगळ्यांत कमी. १९७९ मध्ये याच पद्धतीच्या दुसऱ्या प्रयोगात वाडग्यामागे आरसा ठेवला, तेव्हा नाव विचारलेल्या मुलांचं जास्तीचं घेणं आणखी घटलं. म्हणजे मूल कुठून आलंय यापेक्षा समोर कुणी आहे की नाही, आपल्याला कुणी ओळखतंय की नाही, यावर सगळं अवलंबून.

म्हणून वाडगाच ठेवायचा असेल तर सगळा साठा त्यात एकदम ओतू नका. निघताना थोडी भरा, मधे घरी चक्कर झाली की पुन्हा भरा. सासू-सासरे किंवा आई-बाबा भारतातून आलेले असतील, तर त्यांना वाडग्याशेजारी खुर्ची टाकून द्या. पोशाखांतली पोरं बघण्यात त्यांचा वेळ मजेत जातो, आणि कँडीही टिकते.

मार्ग तिसरा: पोर्चचा दिवा बंद

दिवा चालू म्हणजे या, बंद म्हणजे येऊ नका, हा संकेत इथल्या लहान मुलांनाही ठाऊक असतो. तान्हं बाळ, आजारपण, रात्रपाळी, अनोळखी माणसांवर धावून जाणारा कुत्रा, यांपैकी काहीही असलं तर निःसंकोच दिवा बंद करा. कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही. ज्यांना गर्दीच नको, ते मुलांना शाळेच्या किंवा चर्चच्या पार्किंगमधल्या 'ट्रंक-ऑर-ट्रीट'ला नेतात. तिथे गाड्यांच्या डिक्क्या सजवून त्यांतून कँडी वाटतात. लहान मुलांसाठी ते सुरक्षित आहे, पण दारोदार फिरण्याची गंमत तिथे नाही.

कधीकधी पंचांगही मधे येतं. २०२४ मध्ये अमेरिकेत अनेक घरी ३१ ऑक्टोबरलाच लक्ष्मीपूजन होतं. दारात रांगोळी, पणत्या आणि वर झोंबी झालेल्या पोरांची रांग! अशा वर्षी पणत्या पायऱ्यांवर ठेवू नका, घोळदार पोशाख चटकन पेट घेतात; बॅटरीच्या पणत्या लावा किंवा पणत्या खिडकीच्या आत ठेवा. आणि कौतुकाने चकल्या-शंकरपाळी वाटायला जाऊ नका. घरी केलेला पदार्थ इथले आईवडील घरी गेल्यावर कचऱ्यात टाकतात, कारण अनोळखी माणसाने विष घातलेल्या कँडीची भीती इथे खोल रुजलेली आहे. डेलावेअर विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या अशा बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी कँडीने मूल दगावल्याचं एकही खात्रीलायक प्रकरण त्यांना सापडलं नाही. १९७४ मध्ये टेक्सासात एका मुलाला सायनाइड घातलेली कँडी दिली गेली होती, ती खुद्द त्याच्या बापानेच. तरी भीती ती भीती. तुम्ही आपलं बंद वेष्टनातलंच द्या.

मार्ग चौथा: जो येईल त्याला

आता खर्चाचं बघू, कारण खरी धास्ती त्याचीच असते. कॉस्टकोसारख्या घाऊक दुकानात १५० नगांची मिश्र फन-साइज, म्हणजे छोट्या आकाराच्या, चॉकलेटांची पिशवी मिळते. एका मुलाला एक नग दिला तर ३०० मुलांना दोन पिशव्या पुरतात. २०२४ मध्ये कोकोचे भाव भडकल्यापासून चॉकलेट महागलंय, तेव्हा निम्मा साठा स्किटल्स, लॉलीपॉप अशा गोळ्यांचा घेतला तर बिल उतरतं. मूठभर देणाऱ्या घराची कँडी पाऊण तासात संपते आणि तेच घर मग "बाहेरच्यांनी लुटलं" म्हणतं. पूर्ण आकाराची चॉकलेटं द्यायची हौस असेल तर ती शांत रस्त्यावर करा.

साठा ठरवा, वेळही ठरवा. बऱ्याच गावांची पालिका ट्रिक-ऑर-ट्रीटची अधिकृत वेळ जाहीर करते. तुमच्याकडे तशी नसेल तर सूर्य मावळायच्या सुमारास सुरू करून आठ-साडेआठला आवरा. कँडी आधी संपली तर दिवा बंद करा आणि आत जा. कुणाला नाही म्हणायची वेळच येत नाही. शेजारच्या दोन-चार मुलांसाठी वेगळं काही ठेवायचं असेल तर ते खुशाल आत काढून ठेवा.

दारात उभं राहण्यापेक्षा ड्राइव्हवेच्या तोंडाशी टेबल लावून बसणं मला जास्त पटतं. माझ्या पायऱ्या बऱ्याच उंच आहेत. एकदा मधमाशीचे पंख लावलेली एक मुलगी दोन पिशव्या घेऊन वर आली आणि दुसरी पिशवी भावाची म्हणाली. वाकून बघितलं तर फुटपाथवर व्हीलचेअरमध्ये एक मुलगा होता. चेअरला पुठ्ठ्याचं अग्निशमन दलाचं लाल वाहन केलेलं, शिडीसकट. आईबापांनी कित्येक रात्री खपून केलेलं ते काम मला दारातून दिसलंही नसतं, आणि त्याला दारोदार बहिणीची वाट बघत खालीच थांबावं लागत होतं. तेव्हापासून माझं टेबल खाली असतं. गर्दीही त्यामुळे लवकर पुढे सरकते, आणि अंधारात कुणी पायऱ्यांवरून घसरण्याची भीती राहत नाही.

टेबलावर दोन वाडगे ठेवा. एकात चॉकलेट, दुसऱ्यात खाण्याचं काहीच नाही: स्टिकर, पेन्सिली, अंधारात चमकणाऱ्या बांगड्या. शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांना बऱ्याच घरांतून मिळालेलं फेकून द्यावं लागतं. त्यांच्यासाठी दारात मोरपंखी रंगाचा भोपळा ठेवायची पद्धत २०१२ मध्ये टेनेसीत सुरू झाली आणि २०१४ पासून देशभर पसरली. तो भोपळा म्हणजे या घरी खाऊशिवायही काही मिळेल. आपल्याकडच्या शाकाहारी घरांनी एक बघावं: स्टारबर्स्टसारख्या चघळायच्या गोळ्यांत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं, स्किटल्समध्ये नसतं. आणि एखादं मूल "ट्रिक ऑर ट्रीट" न म्हणता नुसतंच पिशवी पुढे करून उभं राहिलं तर हटकू नका. काही मुलांना बोलता येत नाही, काहींना इंग्रजी येत नाही.

खरा धोका गाड्यांचा

बाहेरच्यांमुळे चोऱ्या होतील ही चिंता लोक बोलून दाखवतात, रहदारीचा विषय कुणी काढत नाही. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांची आकडेवारी तपासणारा एक अभ्यास 'जामा पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. एक आठवडा आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींशी तुलना केली तर हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त निघाला, आणि ४ ते ८ वर्षांच्या मुलांमध्ये तो दसपट होता. तुमच्या रस्त्यावर गाड्यांची गर्दी होते म्हणजे हा प्रश्न तुमच्या रस्त्याचा आहे, मग तुम्ही कँडी द्या किंवा नका देऊ.

म्हणून गर्दीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांनी एकेकट्याने निर्णय घेण्यापेक्षा मिळून रस्ताच बंद करून घ्यावा. सॅन फ्रान्सिस्कोच्या नोई व्हॅलीत फेअर ओक्स स्ट्रीट हॅलोविनला गाड्यांसाठी बंद ठेवतात आणि शहरभरातून मुलं तिथे येतात. ब्लॉक पार्टीची, म्हणजे रस्ता बंद करून शेजाऱ्यांनी मिळून करायच्या कार्यक्रमाची, परवानगी बहुतेक पालिका देतात. एकदा रस्ता बंद झाला की कँडीचा भारही वाटून घेता येतो: दिवा बंद ठेवणारी घरं पिशव्या आणून देतात, बसणारी घरं वाटतात. ज्यांच्याकडे बाळ आहे किंवा रात्रपाळी आहे, त्यांनाही असा हातभार लावता येतो.

थोडक्यात निवड अशी करा. तुमचा रस्ता शांत असेल आणि मुलं लहान असतील, तर वाडगा ठेवून त्यांच्याबरोबर बाहेर पडा. घरात अडचण असेल तर दिवा मालवा आणि जमल्यास एक पिशवी शेजारच्या टेबलावर नेऊन द्या. बाकी सगळ्यांनी टेबल मांडावं. रस्ता बंद करण्याच्या अर्जाला मात्र शेजाऱ्यांच्या सह्या लागू शकतात आणि मुदतही काही आठवडे आधीची असते. तेव्हा ऑगस्ट संपता संपताच पालिकेच्या कार्यालयात फोन करून चौकशी करा आणि गणपतीच्या आरतीला, मोदकाला शेजारी घरी येतील तेव्हाच सह्या घेऊन टाका.